नुसतं बसण्याची खोली

जावई म्हणजे दशमग्रह, असं ज्याने कोणी म्हटलंय त्याने माझ्या सासूबाईंना बघितलेलं नाही. आमच्याकडे ग्रह त्या, आणि प्रदक्षिणा माझ्या.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर इमारतींच्या त्या अंधाऱ्या बोगद्यात तेलाने माखून लटकत असतो, आणि शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली की मला एकच गोष्ट हवी असते, आडवं व्हायला. सासरी जावं, तंगड्या पसराव्यात, कोणीतरी चहा आणून द्यावा आणि पुन्हा विचारावं, अजून घेणार का? बाकीच्यांच्या सासरी असंच होतं म्हणे. माझ्या सासरी मी दारात बूट काढत होतो, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातात पाना ठेवला.

"बरं झालं लवकर आलात जावईबापू. नळ गळतोय, पंखा कुरकुरतोय आणि मागच्या खिडकीची काच हलते. चहा टाकलाय. चहा होईस्तोवर नळ होईल."

एरवी मी फणकारलो असतो. माझा स्वभाव काही फार गोड नाही. बायको म्हणते, तुला वाकडं बोलायला निमित्तसुद्धा लागत नाही. पण त्या शनिवारी मी निमूट नळाखाली शिरलो, कारण सोमवारी सकाळी सासूबाईंचं ऑपरेशन होतं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक साधीच असेल. पण त्या ‘बहुतेक’ने आमची महिनाभर झोप उडवली होती. आमची म्हणजे माझी, बायकोची आणि सासरेबुवांची. सासूबाई बिछान्याला पाठ टेकली की घोरत होत्या.

ही बाई एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात इस्त्री करत म्हातारी झाली. नोकरी सुटली, इस्त्री सुटली नाही. त्यांच्या घरी पायपुसण्यालासुद्धा घडी असते. पायाला भिंगरी आणि हाताला चाळा, आणि त्यांच्यासमोर कोणी रिकामं बसलं की त्यांना स्वतःलाच काहीतरी टोचल्यासारखं होतं. ‘नुसता बसलाय’ ही त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, घर विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी काय करता, एवढंच विचारलं. मी म्हणालो, झोपतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दारू पितो म्हणालो.

त्या घरात रिकामं बसायची मुभा फक्त एका माणसाला होती, तीही देवाच्या नावावर. सासरेबुवा. बसमध्ये कंडक्टर होते. माणूस अगदी गरीब, शांत, आवाज असा की भरल्या बसमध्ये लोकांना तिकीट कसं ऐकू जायचं देव जाणे. त्यांची रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असायची. स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली होती, पूर्वीची अडगळीची. तिथे एक फळी, फळीवर त्यांच्या आईचं जाडजूड धर्माचं पुस्तक, एक खुर्ची, एक खिडकी. सासरेबुवा आत गेले, दार लागलं, की घरात सगळे पायाच्या बोटांवर चालायचे. मिक्सर बंद. रेडिओ बंद. माझी बायको लहानपणी याच वेळात पडली, तर तिला म्हणे अंगणात नेऊन रडू दिलं.

"घरातलं सगळं माझ्याकडे आणि वरचं सगळं ह्यांच्याकडे," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायच्या. "मला नाही ते जमत. हात जोडले की हातांना वाटतं आता काय उचलायचं? म्हणून ते खातं ह्यांचं."

आणि त्या खात्याचा कारभार जोरात होता. बायको परीक्षेत पास झाली, ती कशामुळे? बाबा बसले होते. शेजारच्या घराची आग आमच्या भिंतीपर्यंत येऊन विझली, ती कशामुळे? बाबा बसले होते. मी स्वतः एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पडलो आणि पाय मोडून घेतला. डॉक्टर म्हणत होते लंगडत राहशील. मी आज धड चालतो. सासूबाईंनी मला हॉस्पिटलात सांगितलं होतं, "हे तुमच्यासाठी दुपारीसुद्धा बसले हो." तेव्हा माझ्यासारख्या खडूस माणसाच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मी घरी जाऊन सासरेबुवांच्या पाया पडलो होतो. ते म्हणाले होते, "अहो, राहू द्या, राहू द्या." मला वाटलं, काय हा विनय!

तर, नळ झाला, पंखा झाला. जेवणं झाली. जेवताना सासूबाई बायकोला हॉस्पिटलची तयारी सांगत होत्या. पिशवीत काय, कपाटात काय, परत आल्यावर त्यांना सहा आठवडे काही उचलायचं नाही तेव्हा कोणी काय करायचं. बायको मध्येच म्हणाली, "आई, तुला भीती नाही वाटत?"

"मला कशाची भीती? महिनाभर हे बसतायत माझ्यासाठी. आपलं काम चोख आहे."

सासरेबुवा ताटात बघत होते. त्यांनी तोच घास तिसऱ्यांदा कालवला.

"आणि हो," सासूबाई माझ्याकडे वळल्या, "त्या प्रार्थनेच्या खोलीचं दार अडकतं. मूठ फिरतच नाही कधीकधी. मी तिकडे खाटेवर आणि हे इकडे कोंडलेले, असं नको व्हायला. आज तेवढं करून टाका."

"कशाला, चालतंय की," सासरेबुवा पटकन म्हणाले. "जावईबापू दमलेत. झोपू दे त्यांना."

मी बघतच राहिलो. त्या घरात ‘झोपू दे त्यांना’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. पण सासूबाईंच्या पुढे कोणाचं चाललंय? संध्याकाळी त्या आणि बायको बाजारात गेल्या, सासरेबुवा प्रार्थनेला आत बसले आणि मी दाराशी मांडी घालून कामाला लागलो. आवाज न करता. माझ्या मनात खरोखर आदर होता हो, मी स्क्रूसुद्धा फुंकर मारल्यासारखे काढत होतो.

मुठीतून आरपार जाणारी सळई बाहेर ओढली की दारात एक चौकोनी भोक राहतं. मी त्यातून आत बघितलं ते वाईट हेतूने नाही. पलीकडची मूठ पडू नये म्हणून बघितलं.

सासरेबुवा खुर्चीत बसले होते. दोन्ही पाय खिडकीत. एका पायाचा अंगठा कसल्यातरी तालावर हलत होता. बाहेर पलीकडच्या मैदानात पोरी चेंडू खेळत होत्या, त्या बघत होते. हातात बिस्किट होतं. त्यांनी ते खाल्लं, बोटं चाटली, फळीवरच्या पुस्तकामागे हात घातला आणि डब्यातून दुसरं काढलं.

मी कपाळाला हात लावला. त्या नादात सळई हातातून सुटली आणि फरशीवर खणकन वाजली.

सासरेबुवांनी मान वळवली. भोकातून माझा डोळा, समोर त्यांचा चेहरा. पाय खाली घ्यावेत की बिस्किट लपवावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते म्हणाले, "या आत. तसंही दार आता लागायचं नाही."

मी आत गेलो. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून भिंतीला टेकून खाली बसलो. त्यांनी डबा पुढे केला. मी घेतलं नाही. रागच एवढा आला होता.

"ही प्रार्थना?"

"नाही," ते म्हणाले. "हे बिस्किट."

"बाबा, चेष्टा नको. माझा पाय मोडला तेव्हा तुम्ही बसला होतात ना?"

"बसलो होतो."

"असेच?"

"तेव्हा बिस्किटं नव्हती," ते अगदी हळू म्हणाले. "तुमची काळजी वाटत होती म्हणून घशाखाली उतरत नव्हती."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं! मग त्यांनी सगळं सांगितलं. ड्युटीवर दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. घरी येऊन टेकलं की सासूबाई काहीतरी हातात द्यायच्या. लसूण सोला, बटण लावा, पोरीची पाटी पुसा. वाईट हेतूने नाही, त्यांना खरंच वाटायचं की नवरा कंटाळला असेल. एक दिवस हे आईचं पुस्तक घेऊन या खोलीत शिरले आणि म्हणाले, प्रार्थना करतो. सासूबाईंनी बाहेरून दार ओढून घेतलं. हळूच. आवाज न करता.

"जावईबापू, तेवढं हळू दार या घरात कोणी कधी लावलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं. सुरुवातीला खरंच करायचो हो मी. वाचायचो, मागायचो. मग मागायचं संपलं. नोकरी होती, पोर होती, ही होती. अजून काय मागायचं माणसाने? मग नुसताच बसायला लागलो."

"आणि सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर लसूण आला असता."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी पाय खाली घेतले.

"पण आता गंमत राहिली नाही. ही गाठ सापडल्यापासून मी रोज मागायला बघतोय. हात जोडतो, डोळे मिटतो. एक शब्द येत नाही. नुसती भीती येते. आणि ती बाई बाहेर सगळ्यांना सांगत सुटलीय, हे बसतायत, मला काळजी नाही. माझ्या भरवशावर टेबलावर चढणार आहे ती. आणि माझ्याकडे काय आहे? बिस्किटं. मी तिला उद्या सांगणार आहे."

"अजिबात नाही!" मी जवळजवळ ओरडलोच. "वेड लागलंय का तुम्हाला? परवा ऑपरेशन, आणि उद्या सांगायचं की वर काही पोचलेलंच नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवार जाऊ दे, मग काय ते सांगा."

"आणि सोमवारनंतर सांगायला ती नसली तर?"

मी आपला धंद्यातलं काहीतरी बोललो. म्हटलं, "बाबा, लोक लिफ्टचं बटण दहादा दाबतात. एकदा दाबलं तरी ती येतेच. तुम्ही कधीकाळी दाबलंय ना? पुरे झालं."

ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले. "आणि लिफ्ट बंद असली तर?"

"तर मी आहे दुरुस्त करायला," मी म्हणालो. उगाच म्हणालो. माणसाच्या तोंडून अशा वेळी काहीही निघतं. मग मी एक बिस्किट घेतलं. आम्ही दोघं त्या पोरींचा खेळ बघत बसलो, आणि खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मला कितीतरी दिवसांनी विसावा मिळाला. डोक्यात ना मोटार घरघरत होती, ना फोन. बाजारातून बायका परत आल्याचा आवाज आला तसे आम्ही चोरासारखे उठलो.

मूठ काही बसली नाही. आतली एक खिटी झिजली होती, ती मिळेपर्यंत दार नुसतं लोटून ठेवायचं असं ठरलं. "कामाला लागल्यापासून एवढा वेळ, आणि हे काम?" एवढंच सासूबाई म्हणाल्या. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. "तुझ्या शर्टावर बिस्किटाचा चुरा कुठून आला?" मी म्हणालो, लिफ्टमधून. ती माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही.

रविवारी सकाळी सासरेबुवा प्रार्थनेला उठले, तर सासूबाई पदर खोचून, हातात स्टूल आणि धूळ पुसायचं फडकं घेऊन दारात उभ्या.

"आज मीही येणार आत."

सासरेबुवांचा चेहरा पांढराफटक पडला. "तू? कशाला?"

"उद्या मला आत एकटीला नेणार. तिथे तुम्हाला सोडायचे नाहीत, तुमचा वशिला चालायचा नाही. थोडं मलाही यायला हवं. शिकवा."

मी मागून सासरेबुवांना खुणा करत होतो. गप्प राहा, पुस्तक उघडा, काहीतरी वाचा! त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोघं आत गेली. दार लोटलं, पण ते माझ्या कृपेने लागत नव्हतं, चांगली वीतभर फट राहिली. मी आणि बायको बाहेर भाजी निवडायला बसलो होतो. कान टवकारायची गरजच नव्हती.

आधी फळी पुसल्याचा आवाज आला. मग सासरेबुवा म्हणाले, "त्या पुस्तकामागे हात घालू नकोस." अर्थातच सासूबाईंनी घातला. डब्याचं झाकण वाजलं.

मग ते बोलले. सगळं. सुजलेल्या पायांपासून ते काल रात्रीपर्यंत. एकही गोष्ट सावरून घेतली नाही की मऊ केली नाही. शेवटी म्हणाले, "तुझ्यासाठी मी महिनाभर काही मागू शकलो नाही. जमलंच नाही. नुसता बसलो होतो." बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. मला हे आधीच माहीत होतं, हे तिला तिथल्या तिथे कळलं, आणि माझं पुढे काय होणार हे मलाही कळलं.

आणि मग स्फोट झाला.

"म्हणजे इतकी वर्षं मी मिक्सर लावला नाही! पोरीला अंगणात नेऊन रडवलं! पाहुण्यांना सांगायची, बोलू नका, हे बसलेत, आणि तुम्ही? बिस्किटं खाताय? आणि तीही क्रीमची? मला म्हणता, क्रीमची नको, पोट बिघडतं!"

"चुकलंच माझं."

"चुकलं काय चुकलं! सगळ्या गल्लीला सांगितलंय मी!"

बायको उठायला लागली. मी तिचा हात धरला. आतला आवाज हळूहळू खाली येत होता, उतारावर गाडी थांबावी तसा. मग स्टूल सरकलं. सासूबाई बसल्या असाव्यात.

"शब्दच येत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"नाही येत. भीती वाटते फक्त."

"मलाही वाटते," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या बायकोने तोंडावर हात ठेवला. या बाईच्या तोंडून हे वाक्य तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

"ते गुंगीचं औषध देतील, कापतील, त्याचं काही नाही," सासूबाई बोलत होत्या. एवढ्या हळू आवाजात त्या बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. "मरणाचंही एवढं नाही. पण पडून राहायचं, हात हलवायचे नाहीत, आणि लोकांनी माझं सगळं करायचं. आधी टेबलावर आणि मग सहा आठवडे घरात. मी रोज रात्री घोरण्याचं सोंग घेते आणि त्याचाच विचार करते. ते कसं करतात ते मला येत नाही हो. कोणी शिकवलंच नाही. आणि तुम्ही इथे बसून इतकी वर्षं तेच करत होतात."

"हो."

"मग तेच शिकवा. प्रार्थना राहू द्या."

यानंतरचं जे आम्ही ऐकलं ते ऐकून आम्ही दोघं रडत होतो की हसत होतो, मला सांगता यायचं नाही.

"पाय वर घे. खिडकीत."

"शी! खिडकी पुसलीय मी."

"घे वर. हां. आता हात."

"हातांचं काय करू?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे कुठे ठेवू?"

"मांडीवर. ते फडकं दे इकडे. दे म्हणतो ना! आता बाहेर बघ."

"ती लाल फ्रॉकवाली पोरगी चेंडू नीट फेकत नाही. कोपर वाकतंय तिचं."

"वाकू दे. तू तिला दुरुस्त करायचं नाहीस. नुसतं बघायचंस."

मैदानातून पोरींचा ओरडा येत राहिला. मग, "हे एवढंच?"

"एवढंच."

"मग यात देव कुठे येतो?"

सासरेबुवांची खुर्ची करकरली. "कधी येतो. कधी नाही येत. मी आपली जागा धरून ठेवतो."

अस्सल कंडक्टरचं उत्तर! मला वाटलं आता सासूबाई फटकारणार. पण आतून फक्त डब्याचं झाकण वाजलं. त्या सकाळी दोघं दोन तास आत होती. अर्धी भाजी मीच निवडली, बायकोने मला झाड-झाड झाडलं ते वेगळं. जेवायला बाहेर आल्या तेव्हा सासूबाईंच्या ओठाला क्रीम लागलं होतं आणि कोणीही त्यांना ते सांगितलं नाही.

आता म्हणाल, एका सकाळीत माणूस बदलला का? छे! दुपारी त्यांनी हॉस्पिटलात आम्हाला उपाशी बसायला लागू नये म्हणून स्टीलचे पाच डबे भरले, पिशव्यांना इस्त्री केली आणि माझ्याकडून काच बसवून घेतली. पण संध्याकाळी त्या कोणी न बोलावता त्या खोलीत गेल्या, आणि दाराच्या फटीतून मला त्यांचे पाय दिसले. खिडकीत होते.

सोमवारी सकाळी त्यांना हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर आडवं केलं. गाठ पुढे साधीच निघाली, हे आत्ताच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही. पण तेव्हा हे आम्हाला माहीत नव्हतं. अंगावरची चादर एका बाजूला चुरगळली होती. एरवी त्यांनी ती उठून, झटकून, चुण्या काढून नीट केली असती. त्या तशाच पडल्या होत्या. हात दोन्ही बाजूंना, बोटं मोकळी.

सासरेबुवा वाकले. "घाबरलीस का गं?"

"बोलू नका," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "मी काही करत नाहीये."

खाट आत गेली. दार मिटलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती, तिथे आम्ही बसलो. म्हणजे मी आणि बायको बसलो. सासरेबुवांना बसता येईना. बसायचे, उठायचे. खिडकीपाशी जायचे. खुर्ची भिंतीला सरळ लावायचे, कोणाचा तरी पेला उचलून पिंपाजवळ ठेवून यायचे. मी म्हणालो, "बाबा, अहो, तुमच्याएवढं बसणं कोणाला येतं? बसा ना जरा."

ते माझ्यासमोर उभे राहिले.

"नाही जमत हो," ते म्हणाले. "मला वाटायचं मी एकटा बसतो. तसं नव्हतं. दाराबाहेर ती असायची. दबकत चालली तरी काहीतरी वाजायचंच तिच्या हातून. झाकण, चमचा, बांगडी. ती आहे, हे ऐकू यायचं. म्हणून बसता यायचं मला. इथे काहीच वाजत नाहीये."

माझी बायको क्षणभर आपल्या बापाकडे बघत राहिली. मग तिने पिशवी पुढे ओढली, डबे काढले, झाकणं उघडली, लावली, चमचे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात टाकले. एकावर एक रचले, परत काढले. त्या पांढऱ्या शांततेत काय खणखणाट झाला! सासरेबुवा हळूच खुर्चीत टेकले. त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर ठेवले. आणि थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले.

पलीकडची एक बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "शू! हॉस्पिटल आहे."

मी तिच्याकडे असं बघितलं की तिने तोंड फिरवलं.

"वाजव गं," मी बायकोला म्हणालो. "जोरात वाजव."